टार्गेट

बँकेतल्या माणसाला कशाची भीती वाटते, असं कुणी विचारलं की लोक पटकन म्हणतात, दरोड्याची. साफ खोटं आहे. दरोडेखोर आला तर जन्मात एकदा येतो, आणि आला तरी 'रजिस्टरमध्ये नोंद करा, तीन प्रती काढा' असं म्हणत नाही. ऑडिटरची भीती म्हणावी, तर तोही वर्षातून एकदाच येतो आणि चहा-बिस्किटांवर बराचसा शांत होतो. बारा महिने तेरा काळ छातीत धडकी भरवणारा शब्द एकच. टार्गेट. ठेवींचं टार्गेट, कर्जांचं टार्गेट, विम्याच्या पॉलिशांचं टार्गेट. मी गेली बावीस वर्षं एका बँकेत कारकुनी करतो आहे. बँकेचं नाव सांगत नाही, कारण नोकरीची अजून चौदा वर्षं बाकी आहेत.

तर गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. एकतीस तारीख आठवड्यावर आलेली. मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर, देवळात उभा राहावा तसा हात जोडून नव्हे पण त्याच भावनेने उभा होतो. एवढ्यात फोन वाजला. पलीकडून आवाज आला, ''साहेब, टार्गेट सापडत नाही.''

माझ्या तोंडून निघून गेलं, ''मलाही सापडत नाही हो!''

''तुमच्या घरातच पडलंय कुठेतरी. वहिनींना विचारू का?''

तेव्हा उलगडा झाला की फोन हेड ऑफिसातून नव्हता. आमच्या घरी काम करणाऱ्या मिस्त्रीचा होता.

घरी काम काढलं होतं. मार्च महिन्यात बँकवाल्याने घरात काम काढणं म्हणजे नवरदेवाने लग्नाच्या दिवशी अक्कलदाढ काढायला जाण्यासारखंच. पण हा निर्णय माझा नव्हता. आमचा फ्लॅट ज्याने बांधला त्या सद्‌गृहस्थाने बाल्कनीचा उतार बाहेर देण्याऐवजी आत दिला होता. त्यामुळे जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी बाल्कनीत थांबत नसे, आल्या पाहुण्यासारखं थेट हॉलमध्ये येऊन बसे. दहा वर्षं आम्ही दाराशी जुन्या साड्यांचे बोळे लावून काढली. शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, की येत्या पावसाळ्यात या घरात एक तर पाणी राहील, नाही तर मी. मी हॉल, पॅसेज आणि बाल्कनीची फरशी उखडायला परवानगी दिली.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा टार्गेट सापडलं होतं. आमच्या अण्णांच्या हातात होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय वर्षं सत्याहत्तर.

मी ते घेऊन पाहिलं. तळहाताएवढी लाल, पारदर्शक पाटी. मधोमध फुली, दोन्ही बाजूंना सेंटिमीटरच्या खुणा, मागे लोहचुंबक आणि खाली दुमडता येणारा पाय. कुणी रस्त्यात दिली असती तर सायकलचा रिफ्लेक्टर समजून मी परत केली असती. मिस्त्रीने मला समजावलं. हॉलच्या मध्यावर तिकाटण्यावर त्याचं लेसरचं यंत्र होतं. ते चालू केलं की चारी भिंतींवर एक लाल आडवी रेघ उमटते. ती रेघ सगळीकडे एकाच पातळीवर. पूर्वी यासाठी गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नाचायचे. आता नळी गेली, रेघ आली. पण भर दिवसा, खिडकीतून ऊन येत असताना ती रेघ अंतरावर फिकी पडते आणि जाडही होते. तिचा नेमका मध्य कुठला ते कळत नाही. तिथे ही पाटी धरायची. पाटी लाल, कारण लाल काच लाल प्रकाशाला वाट देते आणि बाकीच्या रंगांना बरंचसं अडवते, म्हणून रेघ उठून दिसते. मग खुणा मोजायच्या आणि भिंतीवर पेन्सिल लावायची.

मी कॉमर्सचा पदवीधर. प्रकाशाशी माझा शेवटचा संबंध विजेच्या बिलापुरता. तरी मला ते समजलं, म्हणजे मिस्त्री चांगला शिक्षक असला पाहिजे.

अण्णांनी पाटी पुन्हा माझ्या हातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ''अरे, हे तर माझंच काम करतंय की!''

मी हसलो. आणि मग एकदम गप्प झालो.

त्याचं कारण सांगायला हवं. अण्णा पाटबंधारे खात्यात खलाशी होते. खलाशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र, शीड आणि नांगर आलं असेल. लहानपणी माझ्या मित्रांच्याही यायचं, आणि मी ते येऊ द्यायचो. मोजणीच्या खात्यातला खलाशी समुद्र पाहत नाही. तो ऊन पाहतो. साहेब डंपी लेव्हल नावाच्या दुर्बिणीमागे छत्रीखाली उभे राहतात आणि खलाशी पन्नास-साठ मीटरवर, काट्याकुट्यात, चार मीटरची खुणांची पट्टी उभी धरून छत्रीशिवाय उभा राहतो. साहेब दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतात, वहीत मांडतात आणि हात हलवतात. मग खलाशी पुढे चालू लागतो. अण्णांनी हे काम तेहतीस वर्षं केलं.

शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'सरकारी नोकरी' लिहीत असे. एकदा वर्गातल्या एकाला कळलं आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, ''याचे वडील दिवसभर काठी धरून उभे राहतात.'' वर्ग हसला. वाईट असं, की मीही हसलो. त्यानंतर मी अण्णांना त्यांच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, ते त्या संध्याकाळपर्यंत.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी वाचायला बसलो. बँकवाल्याची एक सवय असते. खातं उघडायचं तर मागची सगळी शिल्लक तपासायची. म्हटलं, या काठी धरणाऱ्यांची शिल्लक कुठपर्यंत मागे जाते ते पाहू या.

ती निघाली पार पहिल्या शतकापर्यंत. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा एक ग्रीक विद्वान होऊन गेला. त्याने डायॉप्ट्रा नावाच्या मोजणीयंत्रावर एक पुस्तकच लिहिलं आहे. यंत्राचं वर्णन तर कुणीही करील. पण या भल्या माणसाने समोर उभ्या करायच्या पट्टीचंही बारीक वर्णन केलं. उभी पट्टी. तिच्यावर वरखाली सरकणारी एक गोल चकती, छोट्या ढालीसारखी. चकती अर्धी पांढरी, अर्धी काळी. तिला दोरी बांधलेली आणि दोरी पट्टीच्या माथ्यावरच्या कप्पीवरून मागे आणलेली. पट्टी वाकडी होऊ नये म्हणून बाजूला ओळंबा. यंत्राजवळचा माणूस ओरडणार, 'वर, वर... खाली... बस्स!' पट्टीवाला दोरी ओढून चकती हलवणार. काळ्या-पांढऱ्याची सीमा नजरेच्या रेषेत आली की थांबायचं आणि आकडा घ्यायचा.

ती अर्धी काळी, अर्धी पांढरी चकती वाचून मी मिस्त्रीच्या पाटीकडे पाहिलं. रंग बदलला, दोरी गेली, लोहचुंबक आलं, वंश तोच. माणसाच्या डोळ्याला नुसता ठिपका नीट पकडता येत नाही, पण दोन रंगांमधली कडा तो फार बारकाईने पकडतो, ही खुबी या मंडळींना दोन हजार वर्षांपूर्वी कळली होती.

त्या काळचे रोमन लोकही पातळीच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांचा व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद म्हणतो, की नजरेची यंत्रं फसवतात. त्यापेक्षा कोरोबेट्स बरं. हे कोरोबेट्स म्हणजे वीस फूट लांबीचं एक लाकडी बाक. त्याला ओळंबे लावलेले. वारा सुटला आणि ओळंबे हलायला लागले तर बाकाच्या वरच्या अंगाला पाच फुटांची एक पन्हळ. तीत पाणी ओतायचं आणि पाणी दोन्ही टोकांना सारखं लागतं का पाहायचं. म्हणजे आमच्या गवंड्याच्या नळीचे पणजोबाच. फ्रान्समधल्या नीम शहराला पाणी आणणारा रोमन पाट सुमारे पन्नास किलोमीटर लांब आहे आणि एवढ्या सगळ्या प्रवासात तो उतरतो फक्त साडेबारा मीटर. किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर! आणि आमच्या सद्‌गृहस्थाला दीड मीटरच्या बाल्कनीचा उतार कुठल्या दिशेला द्यावा हे कळलं नाही.

पुढे बरीच शतकं गेली. १६६१ च्या सुमारास तेवेनो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने काचेच्या नळीत द्रव भरून त्यात एक बुडबुडा ठेवला, म्हणजे आपली पाणसळ. १८३२ साली विल्यम ग्रॅव्हट या इंग्रज इंजिनियरने आखूड, गुबगुबीत दुर्बीण बसवलेलं यंत्र काढलं. त्याच्या बुटकेपणामुळे लोक त्याला डंपी म्हणू लागले. सगळं जग ज्याच्यावर पातळी तोलत होतं त्याचं नाव असं 'बुटकोबा' पडावं, हे मला फार आवडलं. आमच्या बँकेतही सगळा हिशेब ज्याच्यावर तोलला जातो त्या शिपायाला लोक असंच काहीतरी म्हणतात.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला अण्णांनी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, ''अण्णा, तुमच्या पट्टीला अशी सरकणारी चकती असायची का हो?''

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. तीस-पस्तीस वर्षं उशिरा आलेला प्रश्न ते शांतपणे पाहत राहिले आणि म्हणाले, ''स्टाफ दोन जातीचे. एक टार्गेटचा आणि एक नुसता आकड्यांचा. आमचे जुने हेडखलाशी सांगायचे, टार्गेटचा स्टाफ असला की आकडा स्टाफवाला वाचतो. साहेब फक्त वरखाली खुणावतात. आकड्यांचा असला की साहेब तिकडूनच वाचतात. मग स्टाफवाल्याला वाचायला काही उरत नाही. आम्ही आकड्यांचाच धरला.''

मी चाट पडलो. म्हणजे हेरॉनच्या काळापासून जो माणूस आकडा वाचत होता, त्याचं ते काम एकोणिसाव्या शतकात चांगल्या दुर्बिणी आणि ठळक आकड्यांच्या पट्ट्या आल्यावर काढून घेण्यात आलं. वाचणारा खलास, उरला तो नुसता धरणारा. आमच्याकडे लेजरच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा आमचं जे झालं तेच. फक्त आम्ही त्याबद्दल युनियनतर्फे निवेदन दिलं.

''नुसतं धरणं म्हणजे सोपं नसतं रे,'' अण्णा म्हणाले आणि उठून उभेच राहिले. हातात काल्पनिक पट्टी धरून ते पुढे-मागे हळूहळू डोलू लागले. मला एकदम ओळख पटली. अण्णा आरतीत, रेशनच्या रांगेत, लग्नात अक्षता टाकताना असेच डोलतात. आई त्यांना त्यावरून बोलायची. मला वाटायचं, सवय आहे.

''पट्टी जरा कलली की आकडा जास्त वाचला जातो,'' ते म्हणाले. ''पुढे कलू दे नाहीतर मागे, आकडा वाढतोच. म्हणून पट्टी साहेबाकडे आणि उलट अशी हळू डोलवायची. साहेब बघत राहतो आणि सर्वांत कमी जो आकडा दिसेल तो लिहितो. कमीत कमी आकडा तोच खरा.''

बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे वाक्य पचायला वेळ लागतो. आमच्याकडे जास्तीत जास्त आकडा तोच खरा मानण्याची पद्धत आहे.

''आणि एक सांगू?'' अण्णा हसत म्हणाले. ''जुन्या डंपीत सगळं उलटं दिसायचं. डोकं खाली, पाय वर. म्हणून काही पट्ट्यांवर आकडेच उलटे रंगवलेले असत, साहेबाला सुलटे दिसावेत म्हणून. आमचं कोण रंगवणार? आम्ही निम्मी नोकरी साहेबांना उलटेच दिसलो.''

ते हसले म्हणून मीही हसलो. या वेळचं हसणं वेगळं होतं.

मग त्यांनी मला कालव्याचं गणित सांगितलं. कालव्याला उतार देतात तो किलोमीटरला दहा-वीस सेंटिमीटर. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे नजरेची सरळ रेषा एक किलोमीटरवर जमिनीच्या खऱ्या पातळीपासून सुमारे आठ सेंटिमीटर वर निघून जाते. म्हणजे नुसतं सरळ बघत बसलं तर पृथ्वीचा गोलपणाच कालव्याचा उतार खाऊन टाकायचा. त्यावर तोड म्हणजे यंत्र दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये ठेवायचं. मागे जेवढं अंतर तेवढंच पुढे. दोन्हीकडची चूक सारखी होते आणि वजाबाकीत उडून जाते. ''अंतर पावलांनी आम्हीच मोजायचो,'' अण्णा म्हणाले. चौथी पास माणूस पृथ्वीचा गोलपणा पावलांनी उडवत होता आणि त्याचा मुलगा फॉर्मवर 'सरकारी नोकरी' लिहीत होता.

आपल्या देशात अशा धरणाऱ्यांची मोठीच फौज होऊन गेली. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महामोजणीला सुरुवात केली. त्याचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आदळला, आणि लॅम्बटनने कितीतरी आठवडे खपून तो दुरुस्त केला. ही कथा प्रत्येक पुस्तकात आहे. लॅम्बटन १८२३ साली आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम चालवलं, आणि त्याचं नाव तर जगातल्या सर्वांत उंच शिखरालाच लागलं.

पण अर्धा टनाचं यंत्र रोखायचं कशावर? पलीकडच्या टेकडीवर कुणीतरी उभं असल्याशिवाय ते यंत्र म्हणजे नुसतं पितळ. तिथे झेंडा घेऊन माणूस उभा असे. धुरळ्यातून झेंडा दिसेना तेव्हा एव्हरेस्टच्या काळात रात्री दिवे लागले आणि दिवसा हेलिओट्रोप. हा हेलिओट्रोप म्हणजे जर्मन गणिती गाउस याने १८२१ मध्ये काढलेला आरसा. सूर्याचा कवडसा नेमका लांबच्या दुर्बिणीत पाडायचा. त्याने स्वतः शंभर किलोमीटरहून लांबच्या डोंगरावरचा असा कवडसा टिपला होता. पण सूर्य हलतो, म्हणून आरसाही सारखा हलवत राहावं लागतं. म्हणजे आमच्या देशात कुठल्यातरी टेकडीवर एक खलाशी दिवसभर सूर्याशी हुज्जत घालत बसलेला असणार. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत तापाने किती माणसं गेली याची वर्णनं आहेत. त्यांची नावं मात्र नाहीत. यंत्र पडलं त्याची तारीख सापडते. झेंडा धरणारा पडला त्याची सापडत नाही. शिखराला नाव बघणाऱ्याच्या साहेबाचं. ज्याच्याकडे बघितलं, त्याचं कशालाच नाही.

आता लेसरकडे येतो, नाहीतर मिस्त्री म्हणेल, काम अर्धवट टाकलं.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. सुरुवातीला थट्टाच झाली. उत्तर सापडलंय, आता प्रश्न शोधा, असं लोक म्हणत. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या हेड ऑफिसातून येणाऱ्या निम्म्या योजना याच जातीच्या असतात. पण इथे प्रश्न फार वर्षं वाट पाहत उभा होता. सरळ रेषा आखायची कशी? दोरी झोळ खाते, पाण्याची नळी गळते, नजर थकते. १९६२ मध्ये हेलियम-निऑन वायूंचा, डोळ्यांना दिसणारा सलग लाल झोत मिळाला, आणि सरळ रेषा चक्क हवेत आखता येऊ लागली.

तरी टार्गेटावाचून लेसर म्हणजे आंधळ्याच्या हातातली बॅटरीच. १९६६ साली कॅलिफोर्नियातच स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉन पळवणारं एक यंत्र सुरू झालं. लांबी दोन मैल, सरळ म्हणजे एकदम सरळ. इतकी लांब नळी सरळ आहे हे तपासायला त्यांनी तिच्या खाली दोन फूट व्यासाची दुसरी नळी घातली, तिच्यातली हवा काढून टाकली आणि एका टोकाकडून लेसर सोडला. का? तर हवेत उष्णतेने प्रकाश थरथरतो. आणि दर चाळीस फुटांच्या तुकड्याला एक एक टार्गेट बसवलं. पातळ पत्र्यात ठरावीक नक्षीच्या खिडक्या पाडलेल्या, बिजागरीवर बसवलेलं. ज्या तुकड्याची तपासणी करायची त्याचं तेवढं टार्गेट झोतात उभं करायचं, बाकीची सगळी आडवी. ते आपल्या नक्षीतून प्रकाश एकवटून लांबच्या टोकाला एक ठिपका पाडतं. ठिपका जागेवर असेल तर तुकडा जागेवर. म्हणजे दोन मैलांत खलाशांची रांग. साहेबांनी पुकारलं की एकाने उठून उभं राहायचं, बाकीच्यांनी झोपून राहायचं. शेवटची सोय आमच्या अण्णांना मिळाली नाही.

आणि सर्वांत लांबचा पट्टीवाला? तो चंद्रावर आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर तिथे शंभर त्रिकोणी काचांची एक चौकट ठेवून आले. तिचा गुण असा, की प्रकाश ज्या दिशेने येईल त्याच दिशेने तो परत पाठवायचा. पृथ्वीवरून लेसर मारायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि अंतर काढायचं. त्यावरूनच कळलं, की चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर चालला आहे. अंतराळवीर परत आले, मिरवणुका निघाल्या. काचा तिथेच राहिल्या. वीज नाही, पगार नाही, रजा नाही. अजून काम चालू आहे. २०२३ मध्ये आपलं चंद्रयान ३ उतरलं त्याच्या विक्रमवरही अशाच आठ काचांची छोटी घुमटी आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने तिच्यावर लेसर मारून उत्तर मिळवलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ''तिथे ऊन फार असेल.''

तिसऱ्या दिवशी रविवार. मी घरी होतो. मिस्त्री एकटाच काम करत होता. यंत्र मध्ये ठेवून दिलेलं, ते आपलं आपण रेघ मारत होतं. हा पाटी घेऊन भिंतीभिंतीने फिरत होता, स्वतःच वाचत होता, स्वतःच खुणा करत होता. मला एकदम जाणवलं. अरे, दुर्बिणीमागचा साहेब कुठे गेला? तो नाहीसाच झाला! लेसर आला आणि बघणाऱ्याची नोकरी गेली. पट्टी धरणारा राहिला. आणि जे वाचायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं, तेही त्याला परत मिळालं. हेरॉनपासून निघालेला आकडा फिरून पुन्हा धरणाऱ्याच्या हातात आला. व्याजाचं सोडा, पण मुद्दल परत मिळालं. आमच्या धंद्यात एवढंही क्वचित होतं.

मी हे अण्णांना सांगणार, तोच अण्णा मिस्त्रीला विचारत होते, ''बाबा रे, यंत्र कधी पडलं होतं का?''

मिस्त्री जरा चपापला. ''परवा जिन्यात तिकाटणं सरकलं होतं थोडं. पण रेघ येतेय ना आजोबा.''

''रेघ येणारच. ती खरी आहे का, हे रेघेला विचारून कसं कळणार? पट्टीला विचार.''

आणि मग सत्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी लाल पाटी हातात घेतली. यंत्र हॉलच्या भिंतीजवळ ठेवायला लावलं आणि या भिंतीवर व पॅसेजच्या पार टोकाच्या भिंतीवर एकेक खूण केली. मग यंत्र उचलून त्या टोकाच्या भिंतीजवळ ठेवायला लावलं आणि पुन्हा दोन्ही भिंतींवर एकेक खूण. ''आता दोन्ही भिंतींवर दोन-दोन खुणा झाल्या. यंत्र खरं असेल तर इथल्या दोन खुणांमधलं अंतर आणि तिथल्या दोन खुणांमधलं अंतर सारखं आलं पाहिजे. आमचे साहेब मैदानात दोन खुंट्या ठोकून हेच करायचे. जवळून बघितलं की चूक दिसत नाही, लांबून दिसते. म्हणून दोन्हीकडून बघायचं.''

मिस्त्रीने मोजलं. मग पुन्हा मोजलं. फरक निघाला बारा मिलिमीटरचा. आमच्या नव्या फरशीच्या जाडीहून जास्त. यंत्र हललेलं होतं, आणि त्याच्या भरवशावर बाल्कनीच्या उंबऱ्याची पातळी धरली असती, तर साड्यांचे बोळे पुन्हा माळ्यावरून खाली आले असते.

मिस्त्री बिचारा प्रामाणिक होता. त्याने कान पकडले, दुसरं यंत्र मागवलं आणि अण्णांना विचारलं, ''आजोबा, तुम्ही इंजिनियर होता का?''

मी श्वास रोखला. तोंडावर 'सरकारी नोकरी' आलंच होतं.

''नाही,'' अण्णा म्हणाले. ''मी पट्टी धरायचो.''

इतकं सरळ वाक्य मला आयुष्यात कधी बोलता आलेलं नाही. ओळंब्यातलं वाक्य होतं ते.

पुढे फरशी बसली. पावसाची वाट न पाहता अण्णांनी बाल्कनीच्या दाराशी तांब्याभर पाणी ओतलं. सगळं घर खाली वाकून पाहत होतं. पाणी क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं केलं आणि निमूटपणे बाहेरच्या जाळीकडे निघून गेलं. बायकोने मिस्त्रीला चहा दिला. अण्णांना दोनदा दिला.

एकतीस मार्चला संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. प्रत्येकाने पुढच्या तिमाहीत आपण किती ठेवी आणणार ते सांगायचं होतं. एकेक जण आकडा सांगू लागला, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. सगळ्या पट्ट्या कललेल्या दिसत होत्या. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि नकळत पुढे-मागे डोलू लागलो. मग जो सर्वांत कमी आकडा दिसला, तो सांगितला.

केबिनमध्ये शांतता पसरली. साहेबांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं.

बहुधा मी त्यांना उलटा दिसलो असेन.